मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग वेळ दोन का?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायचं तर वेळापत्रकात साधारण सोळा तास दिसतात. परतीला साडेचौदा. अंतर मोजून देणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र जाता-येता एकच आकडा असतो, सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि त्याखाली ‘उड्डाणाचा वेळ’ म्हणून चौदा-साडेचौदा तास. तिकिटावरच्या वेळा पाहाव्यात तर विमान पहाटे दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोचतं, म्हणजे साडेसहा तासांत! या सगळ्या आकड्यांमध्ये खोटा एकही नाही. फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, आणि कोणता कशासाठी वापरायचा हे कळलं नाही की पुढचं विमान चुकतं किंवा विमानतळावर घ्यायला येणारा माणूस तीन तास उभा राहतो.

आधी अंतर

संगणकाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेषेने जोडले तर ती रेषा सौदी अरेबिया, दक्षिण इजिप्तमधलं लक्सर, अल्जीरिया आणि मोरोक्कोतलं माराकेश यांच्या जवळून जाऊन अटलांटिकमध्ये शिरते. या रेषेने अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आफ्रिकेकडे फिरकतसुद्धा नाही. तो सिंधवरून, क्वेट्याच्या बाजूने, अफगाणिस्तानच्या पश्चिम भागातून तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानात जातो, मॉस्को आणि हेलसिंकी यांना जवळजवळ शिवतो, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंडमध्ये रेक्याविकपाशी येतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये उतरतो आणि मेन राज्यावरून न्यूयॉर्क गाठतो. वाटेत तो जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर. नकाशावर वाकडा वळसा वाटणारा हा मार्ग ‘सरळ’ रेषेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटरांहून जास्त जवळचा आहे, कारण सपाट नकाशात ध्रुवांकडचा प्रदेश ताणून रुंद केलेला असतो.

या दोऱ्याच्या मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात. तो मोजायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७ गुणिले ०.६५१, म्हणजे ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. फरक १४६.६५ अंश, त्याचा कोसाइन उणे ०.८३५, गुणाकार येतो उणे ०.५९९. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा तो कोन ११२.७ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की अंतर हातात.

इथे लोक दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहतो. दुसरं म्हणजे पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहून जातं. मुंबई ७२.८७ आणि न्यूयॉर्क ७३.७८ हे आकडे योगायोगाने इतके जवळचे आहेत की चिन्ह विसरलं तर न्यूयॉर्क मुंबईपासून फक्त २,४०० किलोमीटरवर येतं! पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे अधिक काटेकोर सूत्राने उत्तर थोडं बदलतं, पण फार तर अर्ध्या टक्क्याने. प्रवाशाने त्याची चिंता करू नये.

वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचं माप नॉटिकल मैल, म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १,८५२ मीटर. त्या हिशेबाने हे अंतर सुमारे ६,७७० नॉटिकल मैल. जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरांचा. दोन्ही ‘मैल’ एकमेकांत मिसळले की पंधरा टक्क्यांची गफलत होते, आणि इंग्रजी संकेतस्थळांवर हे सर्रास दिसतं.

दोऱ्याची वाट आणि देशांच्या सीमा

आता त्या दोऱ्याखालचे देश पुन्हा वाचा. पहिलाच देश पाकिस्तान. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि भारतानेही तेच केलं. यापूर्वी २०१९ मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै अशी बंदी होतीच. अशा काळात मुंबईचं विमान वायव्येला न वळता आधी अरबी समुद्रावरून ओमानकडे जातं. मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे तिचं नुकसान बेताचं आहे: मस्कतपर्यंत जाऊन मग न्यूयॉर्कचा दोरा ताणला तर अंतर चारेकशे किलोमीटरांनी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाने वाढतं. दिल्लीला आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत खाली यावं लागतं, त्यामुळे तिथल्या विमानांना तासाच्या वर फटका बसतो. एरवी दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा साडेसातशे किलोमीटरांहून जास्त जवळ आहे. बंदीच्या काळात तो फायदा धुऊन निघतो.

पुढचा मोठा तुकडा रशियाचा. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी आणि युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. त्यामुळे एकाच दोन शहरांमधल्या उड्डाणाला कोणाच्या शेपटीवर कोणता झेंडा आहे त्यावरून वेगळा वेळ लागू शकतो. तिसरा नाजूक भाग इराण. १३ जून २०२५ ला इराणने हवाई हद्द अचानक बंद केली तेव्हा मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान वाटेतून मुंबईलाच परत आलं. इतकं लांब जायला निघालेलं विमान परत वळलं की वैमानिकासमोर आणखी एक अडचण असते, ती वजनाची. बोइंग ७७७-३००ईआर जास्तीत जास्त ३५१ टन वजनाने उडू शकतं, पण उतरताना मर्यादा २५१ टनांची. मधलं वजन जाळून किंवा हवेत सोडूनच खाली यावं लागतं.

शिवाय प्रत्येक देश आपल्या आकाशातून जाण्याचं शुल्क घेतो. म्हणून कंपनीचा संगणक मार्ग निवडताना इंधन, शुल्क आणि वेळ यांची मिळून सगळ्यात स्वस्त वाट शोधतो. ती वाट सगळ्यात छोटी असेलच असं नाही. हिशेबासाठी धरायचं तर प्रत्यक्ष उडालेलं अंतर दोऱ्याच्या अंतरापेक्षा चारेक टक्के जास्त असतं. आपल्या उदाहरणात १३,००० किलोमीटर धरू.

वारा

सगळ्यात जास्त घोळ इथे आहे, त्यामुळे जरा थांबून पाहू.

मोठी प्रवासी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांनी उडतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे पन्नास-पंचावन्न अंशांची असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरांच्या आसपास पडतो. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. मात्र हा वेग हवेच्या संदर्भातला, जमिनीच्या नव्हे. हवा स्वतःच विरुद्ध दिशेने ताशी शंभरने सरकत असेल तर जमिनीवरचं अंतर ताशी आठशेनेच कापलं जातं.

आणि हवा सरकत असतेच. मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे नागमोडी वाहणारा जोरदार वारा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही पुढे. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानात जितकी तफावत जास्त तितका तो जोरात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत त्याला जास्त उधाण. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी जेट प्रवाहावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या संदर्भात ते ताशी १,३०० किलोमीटरांच्या पुढे गेलं होतं, तरीही ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता, कारण त्याच्या भोवतालची हवाच पळत होती.

मुंबईहून न्यूयॉर्क म्हणजे पश्चिमेकडे, वाऱ्याच्या तोंडावर. सगळ्या वाटेवर मिळून सरासरी साठ किलोमीटरांचा समोरचा वारा धरला तर १३,००० भागिले ८४० म्हणजे साडेपंधरा तास. परतीला तोच वारा पाठीशी: १३,००० भागिले ९६० म्हणजे साडेतेरा. दोन्हींत चढण-उतरण आणि धावपट्टीपर्यंतच्या चालीसाठी चाळीस मिनिटं घाला. सोळा तास आणि सव्वाचौदा तास. वेळापत्रक जवळजवळ हेच सांगतं.

जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, असं समजणं चूक आहे. वारा अजिबात नसता तर जाऊन-येऊन २८ तास ५३ मिनिटं हवेत गेली असती. दीडशेचा वारा धरा: जाताना १७ तास २० मिनिटं, येताना १२ तास २३ मिनिटं, बेरीज २९ तास ४३ मिनिटं. पन्नास मिनिटं खिशातून गेली. कारण साधं आहे: उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि पाठच्या वाऱ्याचा लाभ थोडाच वेळ मिळतो.

म्हणून जाण्याची आणि येण्याची वाट एकच नसते. पश्चिमेला जाताना जेट प्रवाहाला बगल देऊन शक्यतो उत्तरेकडून जायचं, पूर्वेला येताना त्याच्या पोटात शिरायचं. उत्तर अटलांटिकवर तर या वाटा दररोज नव्याने आखल्या जातात: दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी एक संच, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी दुसरा. वाऱ्याचा लाभ मोठा असेल तर कंपन्या खुशाल लांबची वाट धरतात. याचं उत्तम उदाहरण एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी अटलांटिकची वाट सोडून पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून जायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,००० किलोमीटरांच्या पुढे गेलं, पण वेळ सोळा तासांवरून साडेचौदाच्या आसपास आला. अंतरावरून वेळ काढणाऱ्या संकेतस्थळाला हे कधीच सांगता येणार नाही.

इंधनाचा तिढा

लांब उड्डाणात एक विचित्र गणित असतं: इंधन वाहून न्यायला इंधन लागतं. ढोबळ नियम असा की जास्तीच्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला ते वजन वाहण्यातच जळतं. म्हणजे दहा टन जादा इंधन घेऊन चौदा-पंधरा तास उडालात तर न्यूयॉर्कला सहा टनांच्या आसपासच उरतं. म्हणून ‘टाकी फुल्ल भरून निघा’ हा उपाय नसतो. प्रवासाचं इंधन, अंदाज चुकला तर वापरायचा काही टक्के साठा, न्यूयॉर्क बंद असेल तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरतं इंधन, आणि शेवटी कशालाही न लावायचा तीस मिनिटांचा राखीव साठा अशी बेरीज करून नेमका आकडा काढतात.

सुरुवातीला विमान इतकं जड असतं की ते थेट उंच जाऊ शकत नाही. ते तीस-बत्तीस हजार फुटांवर राहतं, इंधन जळून हलकं झालं की दोन हजार फूट चढतं, मग पुन्हा काही तासांनी. समोरच्या पडद्यावर उंची टप्प्याटप्प्याने वाढताना दिसते ती यामुळे. हव्या त्या वेळी वरची उंची दुसऱ्या विमानाने अडवलेली असेल तर खालीच राहावं लागतं, आणि तिथे इंधन जास्त जळतं.

समोरचा वारा फारच जोरात असेल किंवा वळसा मोठा पडत असेल तर कंपनीपुढे दोन पर्याय राहतात: माल आणि प्रवासी कमी करायचे, नाहीतर वाटेत इंधनासाठी उतरायचं. २०२५ च्या बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं अशीच व्हिएन्नाला थांबू लागली. असा थांबा अर्ध्या-पाऊण तासात उरकत नाही. खाली येणं, इंधन भरणं, कधी कर्मचारी बदलणं आणि पुन्हा चढणं यात दीड-दोन तास सहज जातात. त्यातच वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते. इतक्या लांबच्या उड्डाणात म्हणून चार वैमानिक असतात आणि आळीपाळीने झोपतात. ती मर्यादा उलटण्याची वेळ आली की सगळं ठीक असूनही विमान जमिनीवरच बसतं.

दोनच इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन: एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत कायम हवा. अटलांटिकवर त्यासाठी आइसलंडचं केफ्लाविक, आयर्लंडचं शॅनन, कॅनडाचं गँडर आणि गूस बे ही नावं कामी येतात. तिथलं हवामान खराब असेल तर वाट सरकवावी लागते.

उशिरा निघालेलं विमान ‘वेगाने जाऊन वेळ भरून काढेल’ ही आशा मात्र सोडून द्यावी. ध्वनीच्या वेगाच्या ८४ ऐवजी ८५ टक्क्यांनी उडालं तरी चौदा तासांत वाचतात दहा मिनिटं. दोन तास उशिरा निघून वेळेवर पोहोचलेली विमानं वाऱ्यामुळे आणि वेळापत्रकात आधीच ठेवलेल्या फुगवट्यामुळे पोहोचतात.

छापलेली वेळ कोणती?

वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं गेल्यापासून दुसरीकडच्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. जेएफकेला उतरल्यावरही गेटपर्यंतची चाल लांबलचक असते. हे सारं धरून कंपनी आकडा ठरवते.

त्यात घड्याळाची भानगड. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. म्हणून फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. पहाटे १:३० ला निघून १६ तासांनी आपल्या घड्याळात संध्याकाळचे ५:३० वाजतात. साडेनऊ वजा केले की न्यूयॉर्कला सकाळचे ८, तारीख तीच. परतीला दुपारी १२ ला निघालात तर साडेचौदा तासांनी तिथे रात्रीचे २:३० झालेले असतात. साडेनऊ मिळवले की मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे १२. तिकिटावर वेळेशेजारी ‘+१’ असं बारीक छापलेलं असतं ते याचसाठी, आणि घ्यायला येणारे एक दिवस आधी हजर होतात तेही याचसाठी.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं. विमान कंपन्यांचे हंगाम मात्र मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मधल्या त्या आठवड्यांत वेळा एका तासाने इकडेतिकडे होतात. त्या दिवसांचं तिकीट जुनं असेल तर निघण्याआधी वेळ पुन्हा तपासा.

थांबा घेऊन गेलं तर

अंतराचा विचार केला तर मधला थांबा आश्चर्यकारक स्वस्त पडतो. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर, मिळून १२,९५०. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे १२,७५०. थेट अंतरापेक्षा दोनशे ते चारशे किलोमीटरच जास्त. तरीही एकूण प्रवास वीस-एकवीस तासांचा होतो, कारण वेळ खातो तो थांबा. तिकिटाच्या संकेतस्थळावर ‘एकूण वेळ’ लिहिलेला असतो तो थांब्यासकट; तो उड्डाणाच्या वेळाशी ताडून पाहिलात की नेमके किती तास खुर्चीत बसावं लागणार ते कळतं.

थांबा किती हवा? एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील आणि पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी तुमची. तेव्हा चार तासांखाली जाऊ नये. अमेरिकेत शिरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर पासपोर्ट तपासणी होते, बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा करून सुरक्षेच्या रांगेत उभं राहावं लागतं, जरी बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी. यासाठी तीन तास धरा. अबुधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्या थेट विमानांची पासपोर्ट तपासणी अबुधाबीतच उरकते, त्यामुळे तिकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण मग अबुधाबीतला थांबा मोठा हवा, कारण रांग तिथे असते.

न्यू जर्सीत एडिसनकडे जायचं असेल तर जेएफकेऐवजी नेवार्कचं विमान पाहा. हवेतून दोन्ही विमानतळांत तीसेक किलोमीटरांचंच अंतर, त्यामुळे उड्डाणाच्या वेळात फरक नाही. पण जेएफकेहून न्यूयॉर्क शहर ओलांडून जाताना गर्दीत दीड-दोन तास जाऊ शकतात. आणि कोणत्याही उड्डाणाचा खरा वेळ पाहायचा असेल तर विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाचा क्रमांक टाकून मागच्या दहा-बारा दिवसांच्या पोहोचण्याच्या वेळा बघा. सरासरी काढत बसू नका. सगळ्यात उशिराच्या दोन-तीन सोडून जी उरेल त्यातली सर्वांत उशिराची वेळ धरा आणि गाडी त्या हिशेबाने बोलवा.